सातेरीचा नाच कसा वाचायचा: माशीच्या मेंदूतला हिशेब आपल्या नकाशावर

चरून पेटीत परतलेली सातेरी, म्हणजे पेटीत पाळली जाणारी आपली देशी मधमाशी, पोळ्यावर थोडं अंतर सरळ चालते. चालताना पोट डावी-उजवीकडे झपाझप हलवते, मग वळसा घालून सुरुवातीच्या जागी येते आणि पुन्हा तेच करते. एकदा वळसा डावीकडून, एकदा उजवीकडून, म्हणून सगळी आकृती इंग्रजी आठासारखी दिसते. यातली पोट हलवत केलेली सरळ धाव महत्त्वाची. तिची दिशा अन्नाची दिशा सांगते आणि तिला लागलेला वेळ अन्नाचं अंतर सांगतो. कार्ल फॉन फ्रिश यांनी हे उलगडलं आणि १९७३ साली त्यांना नोबेल मिळालं.

इथवर बहुतेक मधपाळांना माहीत असतं. चूक पुढे होते. कुठल्या तरी पुस्तकातला 'एक सेकंद म्हणजे एक किलोमीटर' हा आकडा घेऊन लोक नकाशावर बोट ठेवतात. तो ढोबळ आकडा मेलिफेरा या परदेशी मधमाशीचा, आणि तोही एका विशिष्ट मुलखातला. माशी मीटर मोजत नाही. वाटेत डोळ्यांखालून किती दृश्य सरकलं, याचा हिशेब तिचा मेंदू ठेवतो. म्हणून नाच वाचण्याआधी आपल्या पेटीचं, आपल्या शिवाराचं माप काढून घ्यावं लागतं. त्याची रीत पुढे दिली आहे.

आधी मेंदूतलं थोडं

हे कळलं की पुढची प्रत्येक पायरी का आहे ते कळतं आणि चुका आपोआप टळतात.

मधमाशीचा मेंदू जेमतेम एक घन मिलिमीटर, त्यात सुमारे दहा लाख चेतापेशी. दिशेचं काम मेंदूच्या मधोमध असलेल्या 'सेंट्रल कॉम्प्लेक्स' या भागात चालतं. फळमाशीत हा भाग काम करताना प्रत्यक्ष पाहता आला. अमेरिकेतल्या जनेलिया संशोधन केंद्रात विवेक जयरामन आणि सहकाऱ्याने २०१५ साली दाखवलं की तिथल्या कड्यासारख्या भागात एका वेळी एकाच ठिकाणच्या पेशी जाग्या असतात, आणि माशी जेवढी वळते तेवढा तो जागा ठिपका कड्यात सरकतो. दिवा घालवला तरी ठिपका टिकतो. होकायंत्राचा काटाच जणू, फक्त चेतापेशींचा.

या काट्याला खूण मिळते ती सूर्याकडून आणि आकाशातल्या ध्रुवीत प्रकाशाकडून. संयुक्त डोळ्याच्या अगदी वरच्या कडेला काही खास नेत्रिका असतात, त्या निळ्या आकाशातल्या प्रकाशाच्या कंपनाची दिशा ओळखतात. म्हणून सूर्य ढगाआड गेला तरी निळ्या आभाळाचा एखादा तुकडा माशीला पुरतो.

अंतराचा हिशेब वेगळा आहे. मंड्यम श्रीनिवासन आणि सहकाऱ्यांनी २००० साली माश्यांना ठिपक्या-ठिपक्यांचं चित्र लावलेल्या ६.४ मीटरच्या अरुंद बोगद्यातून उडायला लावलं. भिंती अगदी जवळ, त्यामुळे डोळ्यांसमोरून दृश्य भराभर सरकलं. माश्यांनी पेटीत येऊन नाच केला तो जवळपास २०० मीटरचा. त्याच बोगद्यात ठिपक्यांऐवजी लांबीच्या दिशेने पट्टे लावल्यावर दृश्य सरकलंच नाही, आणि माश्यांनी 'अन्न अगदी जवळ आहे' असा नाच केला. पुढे २०१७ साली मेगालोप्टा या रात्री उडणाऱ्या उष्णकटिबंधीय माशीच्या सेंट्रल कॉम्प्लेक्समध्येच दृश्य सरकण्याचा वेग टिपणाऱ्या पेशी सापडल्या. काटा आणि वेगाची मोजणी शेजारीशेजारी आहेत. कुठल्या दिशेला किती गेलो याची बेरीज तिथेच होत असावी, असं त्यावरून बांधलेलं प्रतिमान सांगतं.

काचेची पेटी

दोन चौकटी एकावर एक बसतील अशी अरुंद पेटी घ्या, दोन्ही बाजूंना काच किंवा ॲक्रिलिक. पोळ्याचा पृष्ठभाग आणि काच यांत मेलिफेरासाठी साधारण ८ मिमी जागा सोडा, सातेरीसाठी ७. जागा जास्त झाली तर माश्या काचेला चिकटून नवं पोळं बांधतात आणि दिसणं बंद होतं. कमी झाली तर नाचणाऱ्या माशीची पाठ काचेला घासते, नाच तुटक होतो.

खालच्या चौकटीत अंडी-अळ्या असलेलं शिशुपोळं आणि राणी, वरच्या चौकटीत मध. सातेरीच्या बाबतीत शिशुपोळ्याशिवाय पेटी भरूच नका. सातेरी चिडली, तापली किंवा तिला त्रास झाला की वसाहत पेटी सोडून जाते. घरात पिल्लं असली की थांबते. दोन आठवड्यांत काम उरकून चौकटी मूळ पेटीत परत ठेवलेल्या बऱ्या. वसाहत हाताळायची सवय नसेल तर आधी महाबळेश्वरच्या मध संचालनालयाचं किंवा पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचं प्रशिक्षण घ्या.

पेटी सावलीतच हवी. उन्हाळ्यात काचेमागे मेण मऊ पडून पोळं खाली सरकतं. बघायचं नसेल तेव्हा दोन्ही काचा थर्माकोल किंवा जाड पुठ्ठ्याने झाका.

दारापासून आत येणारी नळी २० ते ३० सेंमी ठेवा आणि ती पोळ्याच्या एका बाजूला उघडेल अशी लाकडाची पाचर बसवा. परतलेल्या माश्या बहुतेक दाराजवळच नाचतात. पाचरीमुळे सगळा नाच एकाच काचेमागे येतो आणि एका कॅमेऱ्यात भागतं.

काचेसमोर बारीक दोऱ्याचा ओळंबा टांगा. 'वर' म्हणजे कुठे हे चित्रणात फक्त ओळंबा सांगतो. फोन तिरपा धरला गेला तरी दोरा खोटं बोलत नाही.

पेटीवर आकाशाचा थेट प्रकाश पडू देऊ नका. अंधारात माशी गुरुत्वाकर्षणाचा आधार घेते आणि 'वर' ही दिशा सूर्याच्या जागी मानते. आकाश दिसलं की ती त्याचा आधार घेऊ लागते आणि ओळंब्याचा हिशेब कोसळतो. खोली अंधारी ठेवून लाल दिवा वापरा. लाल रंग माशीला जवळपास दिसत नाही.

पाकाची ताटली

माप काढायचं तर माशी नेमकी कुठून आली हे आपल्याला माहीत हवं. त्यासाठी तिला पाकाच्या ताटलीची सवय लावून ताटली हळूहळू दूर न्यायची.

ताटली अशी करा: काचेची छोटी बाटली, तिच्या तोंडावर खाचा पाडलेली चकती, आणि हे उपडं करून उंच स्टुलावर. स्टुलाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या, नाहीतर तासाभरात मुंग्या. पाक पांढऱ्या साखरेचाच करा. गूळ-काकवीतल्या क्षारांनी माश्यांना हगवण लागते. सवय लावताना एक भाग साखर, तीन भाग पाणी. मोजणीच्या वेळी मात्र १ किलो साखर आणि १ लिटर पाणी. सवयीच्या काळातच दाट पाक ठेवला तर शेकडो माश्या तुटून पडतात, त्यांतून आपल्या माश्या ओळखता येत नाहीत. पातळ पाकाला माशी येते, पण फारशी नाचत नाही, आणि सुरुवातीला तेच हवं असतं.

पाकात लिटरमागे बडीशेपेच्या अर्काचे दोन थेंब टाका. ताटली सरकल्यावर माशी वासाने तिला हुडकते.

ताटली आधी दारापाशी. चार-पाच माश्या पिऊ लागल्या की त्या पीत असतानाच स्टूल उचलून १ मीटर सरकवा. त्या पेटीत जाऊन दोन-तीन वेळा परत आल्या की पुढची पायरी. पहिले १० मीटर एकेक मीटरने, ५० मीटरपर्यंत पाच-पाचने, पुढे २० ते २५ मीटरने. उडी मोठी झाली की माश्या जुन्या जागी घिरट्या घालतात. अशा वेळी ताटली जुन्या जागी आणा, माश्या बसू द्या, मग निम्मंच अंतर सरकवा. घाईचा इथे काही उपयोग नाही; ३०० मीटर गाठायला अर्धा दिवस सहज जातो.

पिणाऱ्या माशीच्या छातीवर पोस्टर कलरचा बारीक ठिपका लावा, काडीच्या टोकाने. पिताना ती हलत नाही. पंखाच्या बुडाला किंवा डोळ्याला रंग लागला तर ती माशी गेलीच समजा. १५ ते २० माश्या पुरतात, दोन-तीन रंगांच्या जोड्या करून प्रत्येकीची ओळख वेगळी ठेवा. ठिपका नसलेल्या नव्या माश्या गर्दी करू लागल्या तर त्यांना जाळीने पकडून काम संपेपर्यंत डबीत ठेवा.

जांभूळ, हिरडा फुललेला असताना माश्या ताटलीकडे ढुंकूनही पाहत नाहीत. शिवारात फुलं कमी असतील असाच काळ निवडा. शेजारी दुसऱ्या पेट्या असतील तर ताटली त्यांच्या दिशेने नेऊ नका, लूटमार सुरू होते. आग्या माश्यांनी ताटलीचा ताबा घेतला तर ती उचला, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या दिशेने सुरुवात करा. आग्या मोहोळाशी झटापट नको.

चित्रण आणि कोन

फोन काचेला काटकोनात, तिपाईवर. सेकंदाला ३० चौकटींचं (फ्रेम्सचं) चित्रण पुरेसं नाही. एक चौकट ३३ मिलिसेकंदांची. धावेच्या सुरुवातीला आणि शेवटी एकेक चौकट चुकली तरी ६६ मिलिसेकंद गेले, म्हणजे त्या ढोबळ आकड्यानेसुद्धा ६०-७० मीटरची चूक. ६० किंवा १२० चौकटींवर ठेवा. चित्रण सुरू करताच सेकंद दाखवणारं घड्याळ कॅमेऱ्यासमोर धरा. ही वेळ सूर्यासाठी लागणार आहे.

समोरचा, म्हणजे सेल्फीचा कॅमेरा वापरू नका. बरेच फोन ते चित्रण आरशासारखं उलटं साठवतात. डावं उजवं होतं, आणि अन्न नकाशावर सूर्याच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसतं. चूक लक्षातही येत नाही, कारण आकडे अगदी नीट दिसतात.

एका नाचातली पहिली आणि शेवटची धाव सोडा. मधल्या सलग चार धावा घ्या. अन्न जवळ असताना माशी एक धाव थोडी डावीकडे, पुढची थोडी उजवीकडे करते, खरी दिशा दोन्हींच्या मधली असते. म्हणून सम संख्येने धावा घ्यायच्या, तीन किंवा पाच घेतल्या तर सरासरी एका बाजूला झुकते.

चित्रण एकेक चौकट पुढे नेत दोन गोष्टी टिपा: पोट हलायला लागलेली पहिली चौकट आणि हलायचं थांबलेली शेवटची. दोन्हींत छाती कुठे आहे तिथे खूण करा, खुणा रेषेने जोडा. ओळंब्याच्या दोऱ्यापासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने कोन असेल तर अधिक, उलट असेल तर उणे.

एक उदाहरण. पुणे, १५ जानेवारी, सकाळी ९:४०. चार धावांचे कोन: उणे ३८, उणे ४५, उणे ३६, उणे ४१. सरासरी उणे ४०. त्या वेळी सूर्याचा दिगंश, म्हणजे उत्तरेपासून पूर्वेकडून मोजलेला कोन, १२९ अंश. १२९ मधून ४० गेले, ८९ उरले. अन्न जवळपास थेट पूर्वेला आहे. बेरीज ३६० च्या वर गेली तर ३६० वजा करा, शून्याखाली गेली तर मिळवा.

सूर्याचा दिगंश

फोनवरच्या ॲपमध्ये तो मिळतो, पण एकदा सावलीने ताडून पाहा. सपाट जागी ओळंब्याने सरळ केलेली काठी रोवा, सावलीची दिशा होकायंत्राने मोजा, १८० अंशांनी उलटवा. वरच्या उदाहरणात सावली ३०९ अंशांवर पडते. महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशाहून कमी फरक आहे, तो सोडून दिला तरी चालतो. लोखंडी स्टुलाजवळ होकायंत्र धरू नका.

आपल्याकडे खरी अडचण वेगळीच आहे, आणि युरोपातल्या मार्गदर्शिकांत तिचा उल्लेख नसतो. सूर्य डोक्यावर येतो. जानेवारीत पुण्यात दुपारच्या सुमारास दिगंश मिनिटाला एक तृतीयांश अंशाच्या आसपास बदलतो. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, दुपारी सूर्य डोक्यापासून पाचेक अंशांवर असताना, तोच वेग मिनिटाला पावणेतीन अंश होतो. घड्याळात चार मिनिटांची चूक, आणि दिशा अकरा अंशांनी गेली. शून्य सावलीच्या, म्हणजे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येण्याच्या, दिवसांच्या आसपास, म्हणजे पुण्यात मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीला, भर दुपारी माश्यांनाही सूर्यावरून दिशा धरता येत नाही. मार्च ते सप्टेंबर ११ ते २ या वेळात मोजणी करूच नका.

मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत आणखी एक गंमत असते: दुपारचा सूर्य पुण्याच्या उत्तरेला असतो. सकाळी दिगंश आधी किंचित वाढतो, मग मागे फिरतो आणि उत्तरेवरून पश्चिमेला जातो. 'सूर्य दुपारी दक्षिणेला' असं गृहीत धरून अंदाजाने दिगंश लिहिणाऱ्याचा सगळा नकाशा या काळात उलटा होतो.

अंतराचं माप

ताटली १००, २००, ३००, ४०० आणि ५०० मीटरवर ठेवा. अंतर पावलांनी नको, टेपने किंवा जीपीएसने मोजा. प्रत्येक ठिकाणी दाट पाक, ठिपकेवाल्या माश्यांचे दहा नाच, प्रत्येक नाचातल्या चार धावा. धावेच्या वेळेची सरासरी काढून तक्त्यात भरा आणि स्प्रेडशीटमध्ये सरळ रेषा काढा. रेषेचा चढ आणि तिची सुरुवात, दोन्ही लिहून ठेवा. रेषा शून्यातून जात नाही.

समजा रेषा आली अशी: वेळ = ०.२ सेकंद + दर मीटरला ०.००१५ सेकंद. आता अनोळखी नाचात धाव ०.८ सेकंदांची भरली, तर ०.८ वजा ०.२ म्हणजे ०.६, भागिले ०.००१५, म्हणजे ४०० मीटर. तुमचे आकडे वेगळे येतील, यायलाच हवेत. दक्षिण भारतात सातेरी, फुलोरी (फांदीला उघडं पोळं बांधणारी मधमाशी) आणि आग्या यांची तुलना झाली तेव्हा त्याच अंतरासाठी सातेरीची धाव सर्वांत लांब निघाली. सातेरी जवळच चरते, आग्या फार दूर जाते, त्यामुळे सातेरीला कमी अंतरात बारीक भेद सांगणं परवडतं.

एकच रेषा चारही दिशांना लावू नका. आमराईतून झाडांना लगटून उडताना दृश्य भराभर सरकतं, मोकळ्या माळावरून कमी, आणि तलावाच्या सपाट पाण्यावरून जवळपास सरकतच नाही. तलावापलीकडचं अन्न नाचात प्रत्यक्षाहून जवळ दिसतं. शिवारात झाडी आणि माळ दोन्ही असतील तर दोन दिशांना दोन रेषा काढा. चार दिवसांचं काम वाढतं, पण त्याशिवाय नकाशाला अर्थ नाही.

नकाशावर ठिपका मांडू नका, पाचरीच्या आकाराचा पट्टा काढा. ५०० मीटरवर दिशेत १० अंशांची चूक म्हणजे बाजूला ८७ मीटर. एका नाचावरून शेत सांगता येतं, झाड नाही. पंचवीस-तीस नाचांच्या पाचरी एकमेकींवर पडल्या की माश्या कुठे चरताहेत ते गडद होत जातं.

पेटी नसेल तर फुलोरी

फुलोरीचं उघडं पोळं फांदीला लगडलेलं असतं आणि ती फांदीवरच्या जाड, आडव्या माथ्यावर नाचते. इथे ओळंबा नको, सूर्याचं गणित नको: धावेची दिशा हीच अन्नाची दिशा. वरून चित्रण करा, शेजारी होकायंत्र ठेवा. दीड मीटरवरून काम करा, अत्तर लावून जाऊ नका, आणि उन्हासाठी छत्री धरून पोळ्यावरचं आकाश झाकू नका. दिशा धरायला फुलोरीला तेच आकाश लागतं.

बेरीज चालते का, हे तपासायला

ठिपकेवाल्या माश्या ३०० मीटरवर नियमित येऊ लागल्या की आणखी एक गोष्ट पाहता येते. पेटी ताटलीच्या पश्चिमेला आहे असं धरू. पोटभर पिऊन उडायच्या बेतात असलेल्या माशीला काळ्या डबीत घ्या आणि लगेच २०० मीटर उत्तरेला नेऊन मोकळ्या जागी सोडा. ती वर घिरटी घेऊन दिसेनाशी होते तिथे होकायंत्र रोखा. पेटी आता नैऋत्येला आहे, पण मेंदूतली बेरीज 'पश्चिमेला जा' असंच सांगते आणि बऱ्याच माश्या पश्चिमेलाच निघतात. काही थेट पेटीकडे वळतात: त्यांना झाडं, टेकडी, घर ओळखीचं असतं. ती ओळख मशरूम बॉडी या वेगळ्या भागात साठते. अर्धवट प्यायलेली माशी घेऊ नका, ती घरी न जाता ताटली शोधत फिरते. डबीत पाच मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नका. पंधरा माश्यांच्या दिशा वर्तुळावर मांडा, आणि झाडीतून सोडलेल्या व माळावर सोडलेल्या माश्यांची वर्तुळं वेगळी ठेवा.